एसी घेण्याआधी छताकडे बघा

ईस्ट कोस्टला सगळ्यात वरच्या मजल्यावरचं घर भाड्याने बघायला गेलात, की एजंट आधी खिडकी उघडून दाखवतो. समुद्राची झुळूक येते, खाली झाडं दिसतात, डोक्यावर कोणाच्या खुर्च्या सरकण्याचा आवाज नाही. तुम्ही सकाळी अकराला गेलेले असता. घर छान वाटतं, सही होते. पहिल्या आठवड्यात मात्र एक विचित्र गोष्ट लक्षात येते. रात्री साडेनऊला बाहेर बाल्कनीत बरं वाटतं, आणि बेडरूममध्ये पाऊल टाकलं की कोणीतरी तव्याखाली उभं केल्यासारखं होतं. एसी अठरावर ठेवला तरी तास-दीड तास अंगाला गारवा लागत नाही.

दोष एसीचा नसतो. तुमच्या डोक्यावरचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि झोपायच्या वेळेला ते तुम्हाला परत करतो.

पॉडकास्टच्या या वेळच्या भागात आपण उष्ण प्रदेशातल्या घरांबद्दल बोललो, पण छताचं गणित घाईत उरकलं. ते इथे नीट मांडलं आहे. सिंगापूरच्या निमित्ताने सुरुवात केली, तरी शेवटी हा विषय बहुतेकांच्या गावाकडच्या घरापर्यंत जातो, म्हणून थोडा धीर धरा.

भिंती नाही, छत

सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम १.३ अंश उत्तरेला आहे. म्हणजे वर्षभर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर. मार्च आणि सप्टेंबरमध्ये तर अगदी डोक्यावरच. (घड्याळात ही वेळ बाराची नाही, साधारण एकची असते, कारण सिंगापूरचं घड्याळ सूर्याच्या तासभर पुढे लावलेलं आहे.) लंडन किंवा टोरांटोत सूर्य तिरका येतो, त्यामुळे तिथे दक्षिणेची भिंत आणि खिडकी महत्त्वाची. इथे ऐन दुपारी भिंतींना ऊन चाटून जातं आणि सगळा मारा छतावर होतो. स्वच्छ आकाश असेल तर एका चौरस मीटरवर ९००-१००० वॅट.

गडद रंगाचं छत यातलं ९० टक्के शोषून घेतं. हवा ३२ अंशांवर असताना अशा छताचा पृष्ठभाग ६५ अंशांच्या आसपास सहज जातो. म्हणजे तुमच्या भिंतीबाहेर ३२ अंशांचा उन्हाळा असतो आणि छताबाहेर ६५ अंशांचा. इन्शुलेशनचा पहिला पैसा कुठे घालायचा, हे इथेच ठरतं.

माळवद की कौलारू?

हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी दोन वेगळ्या पद्धतींनी सोडवला होता, आणि दोन्ही पद्धती समजून घेतल्या तर पुढचं सगळं सोपं जातं.

सोलापूर-मराठवाड्याकडचं माळवद आठवा. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा भरपूर जाड थर. ही माती उष्णता अडवते त्यापेक्षा जास्त ती साठवते. दुपारचं ऊन मातीत शिरतं, पण खालच्या खोलीपर्यंत पोचायला त्याला रात्र होते. तोवर कोरड्या हवेत बाहेरचं तापमान पंधराएक अंशांनी उतरलेलं असतं, आकाश निरभ्र असतं, आणि माती आपली उष्णता वर आकाशात सोडून देते. शिवाय उन्हाळ्यात माणसं खाली झोपायचीच नाहीत. संध्याकाळी माळवदावर पाणी शिंपडून तिथेच अंथरुणं पडायची. म्हणजे दिवसा खाली आणि रात्री वर, हा त्या छताच्या वापराचाच भाग होता.

कोकणातलं घर याच्या उलट. तिथे रात्रही दमट आणि उबदार, आकाश ढगाळ. साठवलेली उष्णता टाकायला जागाच नाही. म्हणून तिथे साठवण टाळली. पातळ कौलं, उंच उतरतं पाखं, कौलांच्या फटींतून सतत निसटणारी हवा, आणि खोली व छप्पर यांच्यामध्ये माळा. कौलं तापली तरी तो ताप आधी माळ्यावर येतो, तिथली गरम हवा वरच्या फटींतून निघून जाते, आणि खाली माणसापर्यंत पोचतो तो उरलासुरला. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, पुढे मंगलोरी कौल सगळ्या किनाऱ्यावर पसरलं आणि कुंभाराची नळीची कौलं मागे पडली. पण माळ्याची युक्ती तशीच राहिली.

आता सिंगापूर यातल्या कोणत्या बाजूला बसतं? दिवसा कमाल तापमान ३१-३२, पहाटे किमान २४-२५. फरक फक्त सात अंशांचा. आर्द्रता वर्षभर सरासरी ८० टक्क्यांच्या वर. हे सोलापूर नाही, हे बारमाही कोकण आहे. आणि तुम्ही राहता त्या काँक्रीटच्या स्लॅबचा स्वभाव मात्र माळवदाचा आहे: साठवायचं आणि रात्री सोडायचं. फक्त तुम्हाला रात्री वर गच्चीवर झोपायची सोय नाही. रात्री साडेनऊचा तवा तो हाच.

ईस्ट कोस्टच्या छपरांवरून एक फेरी

पुढच्या रविवारी जू चियाट रोडवरून कून सेंग रोडकडे चालत जा. रंगीत घरांचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही नजर थोडी वर न्या. उतरती मातीची कौलं, आणि काही दुकान-घरांच्या मधोमध मुख्य छपराच्या वर उचललेलं एक छोटं छप्पर दिसेल. त्याच्या बाजूंना फटी असतात. गरम हवा वर चढून तिथून बाहेर पडावी यासाठी ती सोय. आत मधोमध उघडा चौकही असायचा, आपल्या वाड्यातल्या चौकासारखा. हे सगळं कोकणच्या बाजूचं शहाणपण आहे.

तिथून मरीन परेडकडे उतरलात की तुम्ही एकेकाळच्या समुद्रात चालत असता. ईस्ट कोस्टवर भराव टाकायला १९६६ मध्ये सुरुवात झाली आणि मरीन परेडची एचडीबी वसाहत सत्तरच्या दशकात त्याच भरावावर उभी राहिली. या जुन्या सपाट छतांच्या इमारतींकडे एखाद्या उंच जागेवरून पाहिलंत, तर मुख्य स्लॅबच्या वर छोट्या पायांवर ठेवलेल्या पातळ सिमेंटच्या फरश्या दिसतात. ऊन त्या फरश्यांवर पडतं, खालच्या पोकळीतून वारा वाहतो, आणि खरा स्लॅब सावलीत राहतो. नीट पाहिलं तर हा काँक्रीटचा माळाच आहे, फक्त घराच्या आत नाही, घराच्या वर. आता अनेक एचडीबी इमारतींवर सोलर पॅनेल आली आहेत; वीज मिळते ती मिळते, सावलीही मिळते.

सिग्लॅप किंवा फ्रँकेल इस्टेटच्या बैठ्या, रांगेतल्या घरांवर तिसरा प्रकार दिसतो: उतरती काँक्रीटची कौलं किंवा धातूचा पत्रा, आणि खाली बंद सिलिंग. इन्शुलेशन 'निवडायची' खरी मुभा आहे ती या घरांच्या मालकांना.

एका बेडरूमचं गणित

आता आकडे. समजा खोली १५ चौरस मीटरची, वर १५० मिमी स्लॅब, आत २७ अंश हवे आहेत. गडद छताचा परिणाम ६५ अंश धरू, नव्या पांढऱ्या छताचा ४२. काँक्रीट उष्णतेला फारसं अडवत नाही. १५० मिमी स्लॅबचा रोध जेमतेम ०.१. त्याच्या तिप्पट रोध तर फक्त एक सेंटिमीटर रॉकवूल देतं. वरच्या-खालच्या हवेच्या थरांचा रोध धरून, ऐन उन्हात खोलीत शिरणारी उष्णता साधारण अशी येते:

- गडद स्लॅब, काहीच नाही: सुमारे १८०० वॅट
- फक्त पांढरा रंग: सुमारे ७०० वॅट
- गडद, पण ५० मिमी इन्शुलेशन: सुमारे ३३० वॅट
- गडद, १०० मिमी: सुमारे १८० वॅट
- गडद, १५० मिमी: सुमारे १२५ वॅट
- पांढरा रंग आणि ५० मिमी: सुमारे १३० वॅट

पाऊण टनाचा एसी साधारण २६०० वॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे पहिल्या ओळीत त्याची दोन तृतीयांशांहून जास्त ताकद नुसत्या छताशी झटापट करण्यात जाते. (हे स्थिर गणित आहे. प्रत्यक्षात स्लॅब उष्णता साठवतो, त्यामुळे दुपारचा आकडा थोडा कमी होतो आणि उरलेलं काही तासांनी, संध्याकाळी येतं. ते कुठे नाहीसं होत नाही.)

या यादीतून दोन गोष्टी घ्या. पहिली, सगळ्यात मोठी बचत पहिल्या पाच सेंटिमीटरमध्ये आहे. शून्यावरून ५० मिमीला गेलात की जवळपास १५०० वॅट वाचतात. १०० वरून १५० ला गेलात तर फक्त ५५. थंड देशातल्या लेखांत पंचवीस-तीस सेंटिमीटर जाडीचे सल्ले असतात. तिथे बाहेर उणे दहा आणि आत वीस, रात्रंदिवस, महिनोन्महिने असतं. तो सल्ला इथे उचलून आणायचा नाही. दुसरी, पांढरा रंग आणि ५० मिमी मिळून गडद छताच्या १५० मिमीचं काम करतात. ऊन आत येऊच न देणं हे आलेलं ऊन अडवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

रंग, फॉइल, जाडी

छताचे उपाय तीन जातींचे आहेत. विक्रेता तुमच्यासमोर कोणतंही चकचकीत नाव ठेवो, तो माल यांपैकी कोणत्या जातीचा आहे हे आधी ओळखा.

रंग ऊन परतवतो. तो छताच्या बाहेरच्या बाजूलाच लागला पाहिजे. सिलिंगला आतून लावायचा 'हीटप्रूफ' रंग कोणी दाखवला तर नमस्कार करून निघा. अर्ध्या मिलिमीटरच्या थरात उष्णता अडवण्याइतकी जाडीच नसते. दमट हवेत पांढऱ्या छतावर शेवाळ आणि काजळी धरते, त्यामुळे धुण्याचा आणि काही वर्षांनी पुन्हा लावण्याचा खर्च आधीच धरा. एक गंमत: नवाकोरा चकचकीत पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण धातू स्वतःची उष्णता सहज बाहेर फेकत नाही, म्हणून तो तापतोच. तोच पत्रा पांढरा रंगवला की ऊनही परतवतो आणि उष्णताही फेकतो. चकाकीपेक्षा पांढरेपणा बरा.

ॲल्युमिनियमचं फॉइल, ज्याला इथले कंत्राटदार सिसलेशन म्हणतात, ते किरणांच्या रूपाने येणारी उष्णता अडवतं. उष्ण देशात हे फार कामाचं आहे, कारण गरम हवा खाली उतरत नाही. तापलेल्या कौलांकडून सिलिंगकडे उष्णता येते ती मुख्यतः किरणांनीच. पण फॉइलची एक अट आहे: चकचकीत बाजूसमोर हवेची मोकळी फट हवी, निदान दोन-तीन सेंटिमीटर. स्लॅबला किंवा बोर्डाला चिकटवलेलं फॉइल हे नुसतं धातूचं पान. त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. आणि चकचकीत बाजू खाली ठेवा. वर ठेवलीत तर वर्षा-दोन वर्षांत तिच्यावर धूळ बसते आणि गुण जातो.

तिसरी जात जाडीची: रॉकवूल, ग्लासवूल, थर्माकोल, एक्सपीएस, पीयू किंवा पीआयआर फोम. यांत उष्णता अडवते ती आत कोंडलेली हवा किंवा वायू. पीयू आणि पीआयआर कमी जाडीत जास्त अडवतात, बाकीचे साधारण सारखेच. मग निवड कशावर करायची? पाणी आणि आग यांवर. स्लॅबच्या वर ठेवायचं असेल तर पाणी न पिणारा एक्सपीएस. सिलिंगच्या वर, घराच्या आत ठेवायचं असेल तर रॉकवूल, कारण ते पेटत नाही. फोम पेटतो, आणि त्याचा धूर विषारी असतो. सिलिंगमधल्या दिव्यांवर कोणतंही इन्शुलेशन थेट अंथरू नका. दिव्याची उष्णता कोंडते.

शक्य असेल तर इन्शुलेशन स्लॅबच्या वर टाका. मग स्लॅब तापतच नाही आणि रात्रीचा प्रश्नच मिटतो. खालून लावलं तर स्लॅब तापतो, फक्त तुम्हाला ते कळत नाही. तेही चालतं, पण दुसरा नंबर.

दमट हवेचा सापळा

परदेशी व्हिडिओ बघून काम करणाऱ्यांची सगळ्यात महागडी चूक इथे होते. थंड देशात ओल आतून बाहेर जाते: घरातली उबदार दमट हवा भिंतीत शिरते आणि बाहेरच्या थंड थराला लागून तिचं पाणी होतं. म्हणून तिथे वाफ अडवणारा प्लास्टिकचा पडदा घराच्या आतल्या बाजूला लावतात.

सिंगापुरात उलट. बाहेरची हवा ३१ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेची असेल, तर ती साधारण २५ अंशांच्या पृष्ठभागाला लागली की पाणी सोडते. तुमच्या एसीने सिलिंग २२ अंशांवर आणलेलं असतं. ओल बाहेरून आत येते. पडदा आतल्या बाजूला लावलात तर पाणी नेमकं त्याच्या मागे, इन्शुलेशनमध्ये साचतं. ओलं रॉकवूल उष्णता अडवत नाही, आणि काही महिन्यांनी सिलिंगवर काळे डाग उमटतात. लोक मग छत गळतंय म्हणून प्लंबर बोलावतात. तेव्हा लक्षात ठेवा: उष्ण-दमट हवेत वाफेचा पडदा गरम बाजूला, म्हणजे वर. एसी नसलेल्या, खिडक्या उघड्या असलेल्या घरात ही चिंता फारशी नाही.

तुमच्या हातात काय?

स्वतःचं उतरत्या छपराचं घर असेल तर क्रम सोपा आहे. आधी गळती बंद करा. मग कौलांखाली फट ठेवून फॉइल, सिलिंगवर ५० ते १०० मिमी रॉकवूल, आणि आढ्याजवळ हवा जायला वाट. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत साधे लोखंडी खिळे-पट्ट्या टिकत नाहीत. गंज न धरणाऱ्या मागा. जू चियाटसारख्या संवर्धित भागातल्या जुन्या घरांना कौलं नैसर्गिक मातीच्या रंगाचीच ठेवावी लागतात, म्हणजे पांढऱ्या रंगाचा मार्ग बंद. जे करायचं ते कौलांच्या खाली.

काँडोमध्ये छत ही सगळ्यांची मालमत्ता. तुम्ही एकट्याने तिथे काही करू शकत नाही, पण छताला नवं वॉटरप्रूफिंग किंवा रंग व्हायचा असतो तेव्हा वार्षिक सभेत पांढऱ्या रंगाचा आणि एक्सपीएसचा मुद्दा मांडू शकता. त्या वेळी जास्तीचा खर्च सगळ्यात कमी असतो. एचडीबीचं छतही तुमचं नाही. आतून सिलिंग उतरवायचं तर २.४ मीटर उंची राखावी लागते, म्हणजे जागा मोजकीच.

आणि भाडेकरू असाल, तर तुमचं इन्शुलेशन म्हणजे घर निवडण्याची वेळ. वरच्या मजल्याचं घर सकाळी नका बघू. उन्हाच्या दिवशी संध्याकाळी सहा-सातला जा, हात वर करून सिलिंगला लावा. भिंतीपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर एक मजला खाली बघा, नाहीतर भाडं कमी करून मागा.

कंत्राटदाराला ब्रँड विचारू नका. विचारा: जाडी किती? उष्णतारोधाचा आकडा किती? फॉइलसमोर फट कुठे आहे? वाफेचा पडदा कोणत्या बाजूला? या चार प्रश्नांची उत्तरं सरळ देणारा माणूस बहुधा काम जाणतो.

आणि आता घरी फोन

हे सगळं वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर कदाचित सिंगापूरचं घर नव्हतंच. चंद्रपूर, अकोला, जळगाव, परभणी. आईबाबा वरच्या मजल्यावर, गच्चीच्या खाली झोपतात. किंवा मागच्या खोलीवर पत्रा आहे आणि आजी दुपारी तिथेच पडते. गेल्या मे महिन्यात तुम्ही इथून एसीचे पैसे पाठवले. चांगलं केलंत. पण वीज गेली की एसी थांबतो, तापलेला स्लॅब थांबत नाही. शिवाय 'बिल फार येतं' म्हणून बाबा तो रात्री अकराला बंद करतात, आणि गरम रात्रींचा त्रास वयस्कर माणसांना जास्त होतो, कारण शरीराला सावरायची ती मुख्य वेळ असते.

त्यामुळे या रविवारच्या फोनवर एवढं विचारा: गच्चीचा रंग कोणता आहे? काळपट ब्रिकबॅट कोबा असेल, तर मार्च उजाडण्याआधी पांढरा रंग, अगदी चुन्याचे दोन हात दिले तरी फरक पडतो. चुना दर वर्षी लावावा लागेल, एवढंच. पुन्हा वॉटरप्रूफिंग करायचंच असेल तर वर पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक करून घ्या, आणि पैसे पुरत असतील तर त्याखाली ५० मिमी एक्सपीएस. पत्र्याची खोली असेल तर पत्रा वरून पांढरा, आणि खाली वीतभर जागा सोडून सिलिंग. त्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळीची झरोकी. थर्माकोलचे उघडे तुकडे पत्र्याला आतून चिकटवतात तसं नको, स्वयंपाकघरावर तर मुळीच नको.

बाबा म्हणतील, "इतकी वर्षं राहिलो की याच घरात." राहिले, पण त्यातली बरीच वर्षं वर पत्रा किंवा स्लॅब नव्हता, कौलं होती आणि खाली माळा होता. हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त आठवत असेल. तिथूनच बोलायला सुरुवात करा.